खाऱ्या पाण्याची मळी

एका अंगाला खांदेश्वराचे रेल्वे स्थानक आणि दुसऱ्या अंगाला, फार दूर नाही अशा अंतरावर, पनवेलची खाडी, अशा सिडकोने आखलेल्या खांदा कॉलनीत राहणाऱ्या गृहस्थाने दिवाणखान्यात समुद्री माशांची काचपेटी ठेवण्याचे मनात आणले, तर पाण्याची तजवीज निसर्गाने दारातच करून ठेवली आहे असे कोणासही वाटेल. वस्तुस्थिती मात्र नेमकी उलट आहे. खाडीचे पाणी गाळाने गढूळ, पावसाळ्यात गाढी आणि कासाडी नद्यांच्या पुराने जवळजवळ गोडे झालेले, शिवाय तळोज्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याचा अंश घेऊन आलेले. सबब ते माशांस वर्ज्य. उरण-पेणकडच्या मिठागरांतले मीठ आणून पाणी खारे करावे म्हटले, तर तेही साधत नाही, कारण मीठ पिकते तेव्हा खाली बसते ते बहुतांशी सोडियम क्लोराइड, आणि माशांस व शंखशिंपल्यांस हवे असलेले मॅग्नेशियम मागे उरणाऱ्या कडू पाण्यातच राहून जाते. तेव्हा या छंदासाठी मुद्दाम केलेले समुद्री मीठ विकत घ्यावयाचे, ते आर.ओ.च्या पाण्यात विरघळवावयाचे, आणि विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास येईपर्यंत मोजमाप करीत बसावयाचे, असा हा खर्चिक खटाटोप आहे.

मरीन ड्राइव्हवर 1951 साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाची गोष्ट निराळी होती. एका पारशी दात्याची दोन लाखांची देणगी, वर सरकारी खजिन्याचे पाठबळ, आणि उंबऱ्याशी अरबी समुद्र. पन्नास-साठ लिटरांच्या घरगुती पेटीचा धनी यांपैकी कशाचाही हक्कदार नसल्यामुळे, एकदा सिद्ध केलेले पाणी दीर्घकाळ निर्मळ राखण्याचा बंदोबस्त त्याला स्वतःच करावा लागतो, आणि त्या बंदोबस्तातला मुख्य अंमलदार म्हणजे प्रोटीन स्किमर.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीतला रस तापू लागला म्हणजे भेंडीच्या चिकाने मळी वर आणतात आणि ती वेळीच काढून टाकतात. न काढली तर गूळ काळा पडतो. स्किमर हेच काम करतो, फक्त विस्तवाऐवजी हवेने. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य, शेवाळाचा स्राव यांतून पाण्यात उतरणाऱ्या पुष्कळशा सेंद्रिय रेणूंचे एक टोक पाण्याशी सख्य करणारे आणि दुसरे पाण्याला विन्मुख असते. असा रेणू हवेच्या बुडबुड्याला भेटला की विन्मुख टोक हवेकडे वळवून तो बुडबुड्याच्या पृष्ठाला चिकटतो, त्याच्यासह वर चढतो आणि फेसात बंदिस्त होतो. बुडबुडे जितके बारीक, तितके त्यांचे एकूण पृष्ठ अधिक. म्हणून ते एक मिलिमीटरहून लहान असावेत. खाऱ्या पाण्यात क्षारांच्या योगे बुडबुडे एकमेकांत सहजासहजी मिसळत नाहीत, गोड्या पाण्यात चटकन मिसळून फुगतात. गोड्या पाण्याच्या पेट्यांमध्ये हे यंत्र जवळजवळ निरुपयोगी ठरते ते याच कारणाने.

इतर गाळण्या मळ धरून ठेवतात आणि तो जिवाणूंच्या हवाली करतात; मग त्याचा अमोनिया, अमोनियाचा नायट्राइट, नायट्राइटचा नायट्रेट अशी फेरफाराची नोंद पाण्यातच होत जाते. स्किमर मळ कुजण्यापूर्वीच त्याला पाण्यातून बेदखल करतो. त्याची खरी थोरवी मला यातच दिसते. जर्मनीत 1960 च्या दशकात एर्विन झांडर यांनी हे साधन छांदिष्टांच्या आटोक्यात आणले.

आता घरच्या घरी करावयाच्या स्किमरची रचना. तीन इंची पीव्हीसी पाइपाचा दीड-दोन फुटी तुकडा, बुडाला एंड कॅप, आणि माथ्यावर, पाइपावर घट्ट बसेल अशा घेराची, बूड कापलेली शीतपेयाची बाटली. तिचा निमुळता गळा हाच फेसाचा मार्ग, आणि तो पारदर्शक असल्यामुळे आतला प्रकार डोळ्यांना दिसतो. गळ्याभोवती, बुडाला छिद्र पाडलेली प्लास्टिकची बरणी बसविली की फेस ओसंडून तीत जमा होतो. लहान पंपाने पेटीतले पाणी नळकांड्याच्या वरच्या भागात सोडावे आणि बुडाशी एल्बो लावून बाहेर काढावे. म्हणजे पाणी खाली उतरते, बुडबुडे वर चढतात, आणि दोघांची गाठभेट प्रदीर्घ होते. बाहेर काढलेली नळी उभी वर नेऊन, माथ्यावर उघड्या तोंडाची टी बसवून, तेथून पाणी पेटीत परत पाठवावे. ही टी जितकी उंच, तितकी आतली पातळी उंच. उघडे तोंड बुजविण्याचा मोह होतो, पण ते बुजविले तर सायफन लागून नळकांडे रिकामे होते. हवेसाठी साधा एअर पंप आणि लाकडी एअर स्टोन. युरोप-अमेरिकेत हा लिंडेन वृक्षाच्या लाकडाचा करतात. मर्म इतकेच की लाकूड आडवे कापलेले असावे, म्हणजे ज्या सूक्ष्म नलिकांतून झाडाने जन्मभर पाणी वर नेले त्यांतूनच हवा बाहेर पडते. काही आठवड्यांत तो चोंदतो वा कुजतो आणि बदलावा लागतो.

जोडकाम प्लंबरच्या नेहमीच्या सोल्युशनने होते, मात्र ते पुरते वाळून वास जाईपर्यंत यंत्र पाण्याला लावू नये. स्नानगृहासाठी मिळणारा बुरशीरोधक सिलिकॉन कटाक्षाने टाळावा, कारण बुरशीला मारणारे औषध माशांचीही गय करीत नाही. तांब्यापितळेचा तुकडा तर आसपासही नको, कोळंबी आणि तिच्या गोतातल्या प्राण्यांना तांबे विषासमान. बाकी साहित्य नळसामानाच्या कोणत्याही दुकानात मिळते, आणि कौशल्य लागते ते बांधणीत नव्हे, नंतरच्या जुळवणीत. नव्या प्लास्टिकवर फेस नीट टिकत नाही. काही दिवस, क्वचित दोन आठवडे, यंत्र नुसतेच खळखळते. उतावीळ माणूस या मुदतीत हवा वाढवितो, पातळी चढवितो, आणि बरणीत मळाऐवजी स्वच्छ खारे पाणी भरून घेतो. पातळी गळ्याच्या किंचित खाली ठेवून स्वस्थ बसावे. मग एके दिवशी करड्या-तपकिरी रंगाचा, दुर्गंधीयुक्त असा जाड फेस वर येऊ लागतो, आणि त्या दुर्गंधीने गृहस्वामीला होणारा आनंद घरातील इतर मंडळींना समजावून सांगणे अवघड असते. जेवणानंतरचा तेलकट हात पाण्यात गेला तरी फेस काही तास बसतो, हेही ध्यानात असावे.

या यंत्राची स्तुती मर्यादेबाहेर नेण्याची वहिवाट छांदिष्टांत आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीचे केन फेल्डमन यांनी 2009 च्या सुमारास निरनिराळ्या स्किमरांची मोजणी केली, तेव्हा बाजारातील महाग यंत्रेही पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनापैकी 20 ते 30 टक्क्यांहून अधिक काढत नाहीत असे आढळले. कल्ल्यांतून थेट बाहेर पडणारा अमोनिया तर फेसाला दाद देत नाही. त्यासाठी जिवाणूंची वसाहत लागतेच, आणि पाणी अधूनमधून बदलावेही लागते.

पेटीत काय ठेवावे याचाही विवेक हवा. समुद्री घोडे आणि दगडी प्रवाळ 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दाखल झाले. ते बाळगणे हा गुन्हा आहे, मग दुकानदार काहीही सांगो. विदूषक मासा मात्र बंदिस्त अवस्थेत अंडी घालतो, पिले वाढवून विकता येतात, आणि असा वाढविलेलाच घेणे श्रेयस्कर.

राहिला प्रश्न आपल्या हवामानाचा. पाणी 30 अंशांवर गेले की समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम सव्वासहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि पनवेलच्या वैशाखात, वीज गेलेल्या दुपारी, तेवढाही राहत नाही. स्किमर चालू असता हवा खेळवून ही तूट भरून काढतो. बंद पडला की मळ आणि गुदमर दोन्ही एकदमच वाढतात. म्हणून एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच फळीवर ठेवावा, म्हणजे वीज जाताच पाणी नळीतून उलटे पंपात शिरत नाही. जवळ बॅटरीवर चालणारा दुसरा लहान पंप असावा. आणि आठवड्यातून दोनदा बरणी ओतून बाटलीच्या गळ्यावरचा ओशट थर साबण न लावता, नुसत्या ब्रशाने आणि गोड्या पाण्याने धुऊन काढावा.