चिनी वैद्यकाचे प्रमाण-परीक्षण

चीनमध्ये परंपरेने चालत आलेल्या सूचिचिकित्सा (ॲक्युपंक्चर), वनौषधी इ. उपचारांचा गुण खरोखर त्या उपचारांमुळेच येतो का, हे नियंत्रित चाचण्यांनी ठरविण्याची पद्धती. दीर्घ परंपरा हा पुरावा होत नाही. कारण अनेक दुखणी आपोआप ओसरतात आणि गुण येईल या अपेक्षेनेही रुग्णाला आराम वाटतो. म्हणून रुग्णांचे यदृच्छेने गट पाडून तुलना करतात.

ही तुलना कशाशी करावयाची, हाच कळीचा प्रश्न आहे. औषधी गोळीसारखी दिसणारी निष्क्रिय गोळी बनविता येते. सुईचे तसे नाही. त्यामुळे तुलनेच्या गटात सुया मुद्दाम भलत्या जागी व उथळ टोचतात. जर्मनीतील कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवरील चाचणीत (२००७) सहा महिन्यांनंतर पारंपरिक बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७·६%, भलत्या जागी टोचलेल्यांपैकी ४४·२% व नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७·४% रुग्णांना गुण आला. पहिल्या दोन गटांतील फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या दखलपात्र नव्हता. परंपरेने सांगितलेल्या नेमक्या बिंदूंच्या महत्त्वाला यातून आधार मिळत नाही. रुग्णांना मिळालेला आराम मात्र त्यामुळे खोटा ठरत नाही. पुढे २९ चाचण्यांतील १७,९२२ रुग्णांची माहिती एकत्रित केली असता (२०१२) दीर्घकालीन वेदनांवर खऱ्या सूचिचिकित्सेची सरशी दिसली, पण ती अल्प होती.

चाचणी कोठे झाली, हेही पाहावे लागते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चीनमधील सूचिचिकित्सेची एकही चाचणी प्रतिकूल आढळली नाही. असे निरपवाद यश प्रतिकूल निष्कर्ष दडून राहत असल्याचेच लक्षण मानावे.

वनौषधींपैकी हिवतापावरील आर्टेमिसिनीन सर्वज्ञात आहे. चौथ्या शतकातील एका ग्रंथातील कृतीवरून तू यूयू यांना कमी तापमानास अर्क काढण्याची कल्पना सुचली व १९७२ मध्ये हे संयुग वेगळे करण्यात आले (नोबेल पारितोषिक, २०१५). मात्र हे यश कसोटीस उतरलेल्या एका संयुगाचे आहे, संपूर्ण पद्धतीचे नव्हे. याउलट, बेल्जियममध्ये १९९०–९२ च्या सुमारास वजन घटविण्याच्या औषधात नामसाम्यामुळे स्टेफॅनियाऐवजी ॲरिस्टोलोकिया ही वनस्पती मिसळली गेली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. अशी हानी वर्षांनंतर प्रकट होत असल्याने काही आठवड्यांच्या चाचणीत ती दिसत नाही. महाराष्ट्रातील सापसंद ही औषधी वेलही याच ॲरिस्टोलोकिया प्रजातीतील आहे.