जावयाचे धनुष्य आणि वडिलांची बंदूक

२०२४ च्या सप्टेंबरात आम्ही दोघे लेकीकडे ओहायोला गेलो होतो. एका सकाळी चहा घेताना जावई हळूच म्हणाले, "मामा, आज माझ्याबरोबर दुकानात येणार? क्रॉसबो घ्यायचाय. हरणाच्या शिकारीसाठी."

मी कप खाली ठेवला. लेकीने माझ्याकडे पाहायचे टाळले, म्हणजे तिला आधीच ठाऊक होते.

आमच्या घरात शिकार हा शब्द सहसा कोणी काढत नाही. माझ्या वडिलांकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक होती. १९६६ साली, मी नऊ वर्षांचा असताना, जांबोटीच्या रानात त्यांनी एका सांबरावर गोळी झाडली. गोळी पोटात लागली आणि जनावर पळाले. अंधार पडेपर्यंत आम्ही रक्ताचा माग काढला. एका ओढ्यापाशी तो तुटला. त्या रात्री वडील जेवले नाहीत. पुढे त्यांनी बंदूक हातात धरली ती फक्त तेलपाणी करण्यापुरती.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचे परवानेच बंद झाले. त्या कायद्याच्या लेखी धनुष्यबाण हेही हत्यारच आहे. त्यामुळे पुढची माहिती वाचून कोणी खानापूरच्या रानाकडे निघू नये! ओहायोची गोष्ट वेगळी. तिथे पांढऱ्या शेपटीची हरणे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळजवळ संपली होती. आता ती इतकी वाढली आहेत की लेकीच्या परसातला भाजीपाला त्यांनी दोनदा फस्त केला. लांडगे तिथे उरलेले नाहीत. म्हणून सरकारच ठरावीक हंगामात, ठरावीक संख्येत शिकारीची परवानगी देते. जावयांनी त्यासाठी लागणारे प्रशिक्षण पुरे करून परवाना काढला होता. पलीकडचे शेजारी त्यांना स्वतःच्या रानात नेणार होते.

"येतो," मी म्हणालो, "पण एकच विचारीन. जनावर जखमी होऊन पळालं तर?"

क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि त्याच्या टोकाला आडवे बसवलेले धनुष्य. दोरी मागे ओढून खटक्यात अडकवायची, खोबणीत आखूड बाण ठेवायचा आणि चाप ओढायचा. साध्या धनुष्यासारखी दोरी ताणून धरावी लागत नाही, म्हणून नवख्याला तो सोपा वाटतो. धोकाही तिथेच आहे.

दुकानात भिंतभर क्रॉसबो टांगलेले होते. जावयांची नजर सर्वांत वेगवान नगावर गेली. सेकंदाला चारशे फुटांहून जास्त, असे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापले होते. दुकानदार वयस्कर गृहस्थ. त्यांनी किंमत सांगितलीच नाही. आधी विचारले, "किती अंतरावरून मारणार?"

"चाळीस यार्ड," जावई म्हणाले.

त्यांनी कागदावर हिशेब मांडला. चाळीस यार्ड म्हणजे १२० फूट. चारशेच्या वेगाचा बाण तिथे पोचायला सेकंदाचे तीन दशांश घेतो. दोरीचा आवाज मात्र साधारण एक दशांशात पोचतो. दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबते, आणि काळजा-फुप्फुसावर धरलेला बाण पाठीत लागतो. वेग वाढवून हे पुरते टळत नाही, अंतर कमी करूनच टळते. "पहिली काही वर्षे वीस-तीस यार्डांच्या पुढे जाऊ नका," ते म्हणाले. मला जांबोटीचा ओढा आठवला.

मग खरी निवड सुरू झाली. एका प्रकारात धनुष्याच्या टोकांना चाके आणि तारा असतात. तो अंगाने अरुंद आणि वेगवान, पण तार बिघडली की दुकान गाठावे लागते. दुसऱ्यात चाके नाहीत. तो रुंद असतो, पण भाग कमी आणि योग्य साधन असले तर दोरी घरीच बदलता येते. कॅनडाची एक्सकॅलिबर कंपनी या दुसऱ्या प्रकारासाठी ओळखली जाते. दुरुस्ती जवळपास होते का, हे आधी विचारावे असा दुकानदारांचा सल्ला होता.

दोरीचा ताण दोनशे पौंड, म्हणजे सुमारे नव्वद किलो! दोरखंडाच्या साधनाने तो निम्म्यावर येतो, हँडलच्या यंत्राने आणखी हलका होतो. दोरी दरवेळी दोन्ही बाजूंनी सारखी ओढली गेली नाही तर नेम डावी-उजवीकडे जातो, हे मला नवीनच कळले. बाण नसताना चाप ओढला तर धनुष्याचे तुकडे उडू शकतात. ते रोखणारी कळ आहे ना, हे पाहायचे. अंगठा खोबणीच्या वर आला तर दोरी तो तोडू शकते, म्हणून बोटांना आडोसा हवा. बाणाचे वजन कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी नको. आणि ज्या पात्याने शिकार करायची, त्याच पात्याने सराव करायचा, कारण सरावाची टोके वेगळी उडतात.

जावयांनी चार क्रॉसबो खुर्चीत बसून, खांद्याला लावून पाहिले. शेवटी मधल्या किमतीचा, मध्यम वेगाचा, हातात स्थिर राहणारा घेतला. उरलेल्या पैशांतून जादा बाण, दोरीचे मेण आणि मचाणावर बांधायचा सुरक्षा पट्टा आला. पट्टा लेकीच्या सांगण्यावरून.

आमच्या मुक्कामात ते रोज संध्याकाळी शेजाऱ्यांच्या रानात निशाण्यावर सराव करायचे. आधी दोरी तपासायची, मग बाण. मी मागे खुर्ची टाकून बसायचो. तीस यार्डांवर बाण एका बशीत मावू लागले, चाळीसवर विखुरत. त्यांनी दस्त्यावर एक चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर लिहिले, ३०.

आम्ही बेळगावला परतलो. नोव्हेंबरात एका सकाळी फोन आला. "मामा, मोठा नर आला होता. अर्धा तास समोर उभा होता."

"मग?"

"पंचेचाळीस यार्डांवर. जवळ आलाच नाही. मी खाली उतरलो, बाण निशाण्यात सोडून क्रॉसबो मोकळा केला आणि घरी आलो."

आवाजात थोडी हळहळ होती. मी म्हणालो, "जावईबापू, चांगला क्रॉसबो घेतलात."

फोन ठेवला आणि बराच वेळ वडिलांच्या फोटोसमोर बसून राहिलो.