बैकल : एका प्राचीन सरोवराची मुलांना ओळख

आपल्या मुलांना बैकल सरोवराची ओळख सहसा एका ओळीत होते : जगातील सर्वांत खोल सरोवर. परीक्षेपुरती ही ओळ पुरेशी आहे; परंतु या सरोवराकडून शिकण्यासारखे त्याहून पुष्कळ आहे.

रशियातील सैबेरियाच्या दक्षिण भागात सुमारे ६३६ किलोमीटर लांबीचे हे सरोवर पसरले आहे. त्याची कमाल खोली १६४२ मीटर आहे. हा आकडा मुलांच्या डोळ्यांसमोर उभा करण्यासाठी आम्ही कळसूबाईचे उदाहरण देतो. या शिखराची समुद्रसपाटीपासूनची उंची १६४६ मीटर. तेवढा उंच डोंगर बैकलच्या तळाशी उभा केला, तर त्याचा जेमतेम चार मीटर माथा पाण्याबाहेर राहील! पृथ्वीच्या पृष्ठभागावरील न गोठलेल्या गोड्या पाण्याचा सुमारे एक पंचमांश साठा या एका सरोवरात आहे.

बहुतेक सरोवरे काही हजार वर्षांत गाळाने भरून जातात. बैकलचे वय मात्र सुमारे अडीच कोटी वर्षे आहे. येथे भूकवच ताणले जाऊन खचले असून ही खचदरी आजही रुंदावत आहे. त्यामुळे तळाशी कित्येक किलोमीटर जाडीचा गाळ साचूनही सरोवर बुजलेले नाही. इतका दीर्घ काळ लाभल्याने, अन्यत्र कोठेही न आढळणारे शेकडो जीव येथे उत्क्रांत झाले.

मुलांना सर्वाधिक मोह पडतो तो नेर्पा या सीलचा. केवळ गोड्या पाण्यात राहणारी सीलची ही एकमेव जाती. हिवाळ्यात सरोवर गोठले की नेर्पा नखांनी बर्फात श्वासासाठी छिद्रे राखते. तिचे मुख्य अन्न म्हणजे गोलोम्यांका हा अर्धपारदर्शक, चरबीयुक्त मासा. तो अंडी न घालता पिलांना जन्म देतो. आणि गोलोम्यांका जगते ती सूक्ष्म कवचधारी जीवांवर. त्यांपैकी एपिशुरा हा जीव जेमतेम दीड मिलीमीटरचा. पण असे अगणित जीव पाणी अखंड गाळत असतात. बैकलच्या प्रसिद्ध नितळपणात त्यांचा मोठा वाटा आहे. हे असल्याने ते आहे, हे नसल्यास ते नाही : प्रतीत्यसमुत्पादाचे तत्त्व मुलांना समजावण्यास याहून सुबोध उदाहरण क्वचितच सापडेल.

या सरोवराच्या परिसरात बुर्यात लोक राहतात. त्यांच्यापैकी अनेक जण बौद्ध आहेत. सोव्हिएत राजवटीत १९३०च्या दशकात त्यांचे विहार बंद पाडण्यात आले. पुढे १९४५ मध्ये उलान-उडे शहराजवळ इवोल्गिन्स्क येथे पुन्हा विहार उभा राहिला. आपल्या मुलांना हे दूरचे धम्मबांधवही ज्ञात असावेत.

अडीच कोटी वर्षे टिकलेले हे सरोवरही माणसाच्या हातून सुरक्षित नाही. १९६६ मध्ये त्याच्या काठी कागदाच्या लगद्याचा कारखाना सुरू झाला. शास्त्रज्ञ, लेखक आणि नागरिक यांनी दीर्घकाळ विरोध केला. तरी तो बंद व्हायला २०१३ साल उजाडले. १९९६ मध्ये बैकलचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. परंतु काठावरील वस्त्यांचे सांडपाणी आजही उथळ पाण्यात शेवाळ वाढवत आहे.

पाण्यावर सर्वांचा समान हक्क आहे, हे बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर कृतीने सिद्ध केले. त्या हक्काचे वारसदार असलेल्या मुलांना पाणी जपण्याचे कर्तव्यही शिकवणे आम्हांस अगत्याचे वाटते. त्यासाठी सैबेरियास जाण्याची आवश्यकता नाही. गावच्या तळ्यातील पेलाभर पाणी भिंगाखाली पाहिले, तर त्यात उड्या मारणारा सायक्लॉप्स दिसू शकेल. तो एपिशुराचाच नातलग. पालकांनी सुटीत एकदा मुलांसह हा प्रयोग अवश्य करावा.