६ जानेवारीला मुंबईच्या खारदांड्यातल्या शाळांनी पत्रकारांना बोलवावं!

६ जानेवारी हा महाराष्ट्रात पत्रकार दिन. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ हे वृत्तपत्र मुंबईत निघालं. पण बाळशास्त्री हाडाचे शिक्षकही होते! एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत. दादाभाई नौरोजी त्यांचे विद्यार्थी.

असेच दुसरे शिक्षक-पत्रकार म्हणजे आचार्य अत्रे. १९५६ साली दैनिक ‘मराठा’ काढणारे अत्रे त्याआधी पुण्यात कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. ‘नवयुग वाचनमाला’ ही पाठ्यपुस्तकंही त्यांचीच. राज्य शासनाच्या उत्कृष्ट पत्रकारिता पुरस्कारांत मुंबई विभागाचा पुरस्कार अत्र्यांच्या नावाने आहे. म्हणजे खारदांड्यात फिरून बातमी देणाऱ्यालाही मिळू शकतो तो एका मुख्याध्यापकाच्या नावाचा मान. मला हे फार मोलाचं वाटतं.

शाळा आणि पत्रकारितेचं हे नातं रोजच्या बातम्यांतही दिसावं. शाळेचं छप्पर गळत असेल तर ते छापून यायलाच हवं. पण पटसंख्या टिकावी म्हणून कोळीवाड्यात घरोघर जाणाऱ्या बाई, स्कॉलरशिपला बसलेली मुलं, विज्ञान प्रदर्शन, हीसुद्धा बातमीच. ती वाचून पालक शाळेत चौकशीला येतात, माजी विद्यार्थी मदतीला उभे राहतात.

म्हणून शाळांना मनापासून विनंती: ज्यांनी वर्षभरात शाळेबद्दल स्वतः येऊन, विचारपूस करून लिहिलं, त्या स्थानिक पत्रकारांना ६ जानेवारीला बोलवा. गुलाबाचं फूल, मुलांनी लिहिलेलं पत्र, एवढं पुरे. पाकीट, भेटवस्तू नको. पुढची बातमी लिहिताना त्यांच्यावर दडपण नको. मुलांना त्यांची मुलाखत घेऊ द्या. आणि बातमीचं कात्रण शाळेच्या फलकावर लावताना बातमीदाराचं नाव कापू नका.