कागदावर नाव कुणाचं?

आजच्या गप्पांना आम्ही मुंबईतून सुरुवात करणार आहोत, पण विषय तुमच्या-आमच्या घरचाच आहे.

भायखळा आणि कॉटन ग्रीनच्या मधे घोडपदेव नावाची जुनी गिरणगावातली वस्ती आहे. तिथल्या एका चाळीत राहणाऱ्या मावशींकडे आम्ही गेलो होतो. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून मावशीच म्हणू. दहा ते दोन त्या एका ठिकाणी नोकरी करतात. त्याआधी पहाटे उठून तीस डबे भरतात, आणि दिवाळीत फराळ. यंदा एका कचेरीनं त्यांना रोज आणखी पन्नास डब्यांसाठी विचारलं. भाचा लगेच म्हणाला, "मावशी, आता कंपनी काढ." त्याच आठवड्यात लंडनहून मुलीचा फोन आला. ती सुट्टीच्या दिवशी पुरणपोळ्या करून विकते, आणि तिलाही तिथं कुणीतरी हाच सल्ला दिला होता.

मावशी आम्हाला म्हणाल्या, "पोरींनो, पोळी लाटता येते. कंपनी कशी लाटायची ते सांगा."

आधी दोन्हीतला फरक समजून घेऊ. धंदा स्वतःच्या नावावर असतो तेव्हा कायद्याच्या लेखी तुम्ही आणि धंदा एकच. नफा तुमचा, कर्जही तुमचंच. धंदा बुडाला तर देणेकरी तुमच्या घरातल्या वस्तूंपर्यंत येऊ शकतो. कंपनी मात्र कायद्यानं वेगळी व्यक्ती ठरते. तिचं पॅन वेगळं, खातं वेगळं, कर्जही तिचं. कंपनी बुडाली तर साधारणपणे तुम्ही भांडवल म्हणून घातलेले पैसे बुडतात, घर वाचतं.

मावशींना हे पटकन कळलं, कारण त्यांच्या सासूबाईंची खानावळ होती. घाटावरून आणि कोकणातून आलेले गिरणी कामगार महिन्याच्या बोलीवर जेवायचे आणि पगाराला पैसे द्यायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबले, जेवणाऱ्यांची उधारी थकली, कितीतरी जण गावी निघून गेले. वाण्याचं देणं मात्र खानावळवालीच्या नावावर राहिलं. सासूबाईंनी दागिने मोडून ते फेडलं. "म्हणजे तेव्हा कंपनी असती तर दागिने वाचले असते?" मावशींनी विचारलं.

कदाचित वाचले असते. पण इथंच एक गोष्ट नीट ऐका. लहान कंपनीला कर्ज देताना बँक बहुधा संचालकांची वैयक्तिक हमी मागते. त्या हमीवर सही केली की कंपनीची ढाल तेवढ्या कर्जापुरती बाजूला सरली. आणि अन्नात खोट निघाली तर "ती कंपनीची चूक" म्हणून स्वयंपाक करणारीला हात झटकता येत नाहीत.

आता ढालीची किंमत पाहू. दोघांची साधी खाजगी कंपनी काढायची तर किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. एकटीला एकल कंपनी काढता येते, पण तिलाही वारस म्हणून एकाचं नाव द्यावं लागतं. धंदा कितीही छोटा असो, कंपनीचे हिशेब दरवर्षी सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावे लागतात आणि वार्षिक कागद सरकारकडे भरावे लागतात. उशीर झाला तर वार्षिक हिशेब आणि वार्षिक विवरण या प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागतं. दोन फॉर्म वर्षभर राहून गेले तर ७३,००० रुपये झाले. धंदा बंद पडला, पण कंपनी रीतसर बंद केली नाही, तरी हे मीटर चालूच राहतं.

कराचंही तसंच. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत नेहमीचं उत्पन्न असलेल्या व्यक्तीला आयकर भरावा लागत नाही. कंपनीला अशी सूट नाही, तिला नफ्याच्या पहिल्या रुपयापासून कर आहे. कंपनीकडून तुम्ही पगार घेऊ शकता, पण तोही कागदावर रीतसर दाखवावा लागतो. गल्ल्यातून काढून भाजी आणली, असं कंपनीत चालत नाही.

मग कचेरीला "कंपनीचं बिल" हवं होतं त्याचं काय? आम्ही मावशींना म्हटलं, आधी त्यांना नक्की काय हवंय ते विचारा. विचारल्यावर कळलं, त्यांना फक्त छापील बिल आणि बँकेत पैसे भरायला खातं हवं होतं. ते स्वतःच्या नावाच्या धंद्यालाही मिळतं. केंद्र सरकारची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही. कुणी "नोंदणीची फी" म्हणून पैसे मागितले तर सावध व्हा. खाण्याचा धंदा असेल तर अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी हवीच, मग तो घरगुती असला तरी. २०१५ साली सुरू झालेलं मुद्रा कर्जही कंपनी नसलेल्या छोट्या धंद्यांसाठीच आहे.

जीएसटी हा वेगळा प्रश्न, त्याचा कंपनीशी संबंध नाही. महाराष्ट्रात सेवेसाठी वर्षाला २० लाखांची उलाढाल ओलांडली की नोंदणी करावी लागते. राज्यातल्या राज्यात नुसता माल विकणाऱ्याला, म्हणजे पापड-मसालेवाल्याला, ही मर्यादा ४० लाख आहे. डबा हा सेवेत धरतात. मावशींनी पाटीवर हिशेब मांडला: ८० डबे, डब्याला ८० रुपये, महिन्याचे २६ दिवस. वर्षाचे झाले १९,९६,८००. दिवाळीचा फराळ धरला की मर्यादा ओलांडलीच. लक्षात ठेवा, ही मर्यादा विक्रीवर आहे, नफ्यावर नाही.

लंडनच्या लेकीलाही आम्ही तेच प्रश्न विचारायला सांगितले. ब्रिटनमध्येही धंदा स्वतःच्या नावावर करता येतो. त्यासाठी कर खात्याकडे नोंद करायची, आणि खाण्याचा धंदा असेल तर सुरू करण्याच्या २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंदवायचा, ती नोंदणी फुकट असते. कंपनी काढली तर तिथंही दरवर्षी हिशेब भरावे लागतात, आणि संचालकाचं नाव कुणालाही पाहता येतं. पण परदेशात या सगळ्याच्या आधी व्हिसा बघायचा. तिथं विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करायला मनाई आहे, आणि कंपनी काढून ती मनाई टळत नाही. लेक नवऱ्याच्या व्हिसावर गेली आहे. तिनं अटी वाचल्या, तिला मुभा होती, आणि तिनं स्वतःच्या नावावरच सुरुवात केली.

आता खरी मेख. भाच्यानं कंपनीचा कागद तयार करून आणला होता. संचालक दोन: भाचा आणि मावशींचे यजमान. शेअरही त्या दोघांचेच. "तुम्हाला सह्यांसाठी कुठं धावाधाव करायला लावायची?" असं तो म्हणाला. त्याच्या मनात खोट नव्हती. पण कंपनी असते भागधारकांची. पहाटे उठणारी मावशी त्या कागदावर कुठंच नव्हती. उद्या वाद झाला, तर तीस डब्यांपासून उभा केलेला धंदा दुसऱ्याचा आणि मावशी त्यात बिनपगारी नोकर!

गिरगावातल्या सात बायकांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १५ मार्च १९५९ ला ८० रुपये उसने घेऊन त्यांनी गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तेच लिज्जत. त्यांची संस्था रीतसर नोंदली गेली १९६६ साली, म्हणजे सात वर्षांनी. आधी काम उभं राहिलं, मग त्याला शोभेल असा कागद आला. आणि त्या कागदानं पापड लाटणाऱ्या बहिणींनाच मालकीण ठेवलं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तेव्हाही बँकेच्या दारात बाई स्वतःच्या नावानं उभी राहिली.

तुमचा गट मिळून धंदा करत असेल तर आणखी वाटा आहेत. सहकारी संस्थेला वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान दहा जणी लागतात, उत्पादक कंपनीलाही दहा उत्पादक. दोघी-तिघींची भागीदारी करता येते, पण साध्या भागीदारीत एकीनं धंद्यासाठी केलेलं कर्ज सगळ्यांवर येतं, हे विसरू नका. मोठं कर्ज, बाहेरचं भांडवल किंवा बरेच कामगार येणार असतील, तर ते येण्याआधी नव्या कागदाचा विचार करा. कर्ज अंगावर आल्यावर काढलेली कंपनी जुन्या कर्जातून सोडवत नाही.

मावशींनी काय केलं? नोकरीच्या ठिकाणी जोडधंद्याची परवानगी घेतली. स्वतःच्या नावानं उद्यम नोंदणी केली, धंद्याचं खातं घरखर्चापासून वेगळं उघडलं. कचेरीचे पन्नासऐवजी चाळीस डबे घेतले, शेजारच्या दोघींना रोजावर ठेवलं. वर्षानं पुन्हा हिशेब मांडून ठरवायचं आहे. भाचा हिशेबाची वही लिहितो, त्याचे पैसे घेतो.

पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं आपल्या धंद्याचा कागद घेऊन यायचं, मग ते बँकेचं पुस्तक असो, परवाना असो नाहीतर वीजबिल. आणि मोठ्यानं वाचायचं: कर्ज कुणाच्या नावावर, पैसे कुणाच्या खात्यात, आणि सही कुणाची. तिन्ही ठिकाणी तुमचं नाव नसेल, तर कंपनीचं नंतर बघू. पहिलं काम तेच.