खोबरेल : रूढी आणि रसायन

‘खोबरेल’ हा शब्द उच्चारताना त्यात तीळ दडलेला आहे, याची जाणीव आपल्याला क्वचितच होते. संस्कृतातील ‘तैल’ म्हणजे मूलतः तिळाचा स्नेह. पुढे अर्थविस्तार होऊन कोणत्याही बीजातून निघणारा स्नेह ‘तेल’ ठरला आणि एरंडाचे ते एरंडेल, करडईचे ते करडेल, तसे खोबऱ्याचे ते खोबरेल झाले. या शब्दाच्या शेवटी तेल आहेच, याचा विसर पडल्यामुळे आपण ‘खोबरेल तेल’ अशी द्विरुक्तीही सहज करतो. तमिळमधील ‘एण्णेय्’ हा तेलाचा सामान्य शब्दही ‘एळ्’ म्हणजे तीळ आणि ‘नेय्’ म्हणजे स्नेह यांपासूनच सिद्ध झाला आहे. दोन भिन्न भाषाकुळांनी तेलाचे नामकरण तिळावरून करावे आणि नारळाने मागाहून त्या नावात आपली जागा करून घ्यावी, हे लक्षणीय आहे.

ही जागा नेमकी कोणती, याविषयी मात्र एकमत नाही. केरळात खोबरेल हे प्रथम स्वयंपाकाचे तेल आहे. महाराष्ट्रात, कोकणपट्टीचा काही भाग सोडला, तर ते मुख्यतः डोक्याचे तेल होय. या संदिग्धतेचा निवाडा अखेर सर्वोच्च न्यायालयाला करावा लागला. लहान बाटल्यांत विकले जाणारे शुद्ध खोबरेल करआकारणीसाठी खाद्यतेल मानावे की केशतेल, या प्रश्नावर 2018 साली दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला. डिसेंबर 2024 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला, की केवळ बाटली लहान आहे एवढ्यावरून खाद्यतेलाचे केशतेल होत नाही. न्यायालयापुढील प्रश्न वर्गीकरणाचा होता. आपल्यापुढील प्रश्न निराळा आहे : केसांना आणि त्वचेला लावलेले खोबरेल प्रत्यक्षात काय करते, आणि काय करीत नाही?

या प्रश्नाचे उत्तर हिवाळ्यातील बाटलीपासून शोधता येते. सुमारे 24 अंश सेल्सिअसच्या खाली खोबरेल थिजते. मुंबईत हा अनुभव थोड्या दिवसांचा. दिल्ली किंवा वाराणसी येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला तो महिनोन्‌महिने येतो. थिजणे हे भेसळीचे लक्षण नव्हे. तो या तेलाच्या घडणीचा परिणाम आहे. खोबरेलातील सुमारे नव्वद टक्के मेदाम्ले संतृप्त असतात आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मा वाटा एकट्या लॉरिक आम्लाचा असतो. या आम्लात बारा कार्बन अणूंची आखूड व सरळ साखळी असते. सूर्यफुलाच्या तेलातील मेदाम्लांच्या साखळ्या लांब आणि जागोजागी वाकलेल्या असतात. त्या एकमेकींशी नीट जुळत नाहीत, म्हणून ते तेल थंडीतही पातळ राहते. सरळ साखळ्या मात्र एकमेकींलगत रचल्या जातात. खोबरेल लवकर खवट होत नाही, याचेही कारण या संतृप्त घडणीतच आहे.

आता केसाकडे वळू. त्वचेबाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. केराटिन या प्रथिनाचा तो तंतू असून त्यावर कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या सूक्ष्म खवल्यांचे आवरण असते. केस भिजला की पाणी शोषून फुगतो आणि खवले उचलले जातात. वाळला की पुन्हा आकसतो. न्हाण्यागणिक हे फुगणे आणि आकसणे चालू राहिल्याने तंतू क्षीण होतो. त्यात ओल्या केसांतून फणी फिरली, की खवले तुटतात आणि आतील प्रथिनाचा अंश निघून जातो.

मुंबईतील एका खोबरेल-उत्पादक कंपनीच्या संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. तिन्हींपैकी केवळ खोबरेलाने केसांतील प्रथिनांचा ऱ्हास लक्षणीय प्रमाणात कमी केला. लॉरिक आम्लाच्या लहान, सरळ रेणूंमुळे हे तेल केसाच्या अंतर्भागात शिरू शकते. खनिज तेलाला प्रथिनांची ओढ नसल्यामुळे ते वरच राहते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. संशोधकांचे हितसंबंध ध्यानात ठेवूनही हे स्पष्टीकरण रसायनशास्त्राशी सुसंगत आहे, असे म्हणावे लागते. न्हाण्याच्या आदल्या रात्री केसांना तेल चोपडून सकाळी शिकेकाईने धुण्याच्या घरगुती रीतीला यातून आधार मिळतो. आत शिरलेले तेल पाण्याचा शिरकाव कमी करते आणि केस कमी फुगतो.

परंतु येथेच एक भेद नीट ओळखला पाहिजे. खोबरेलाने केस वाढतात, हा समज सार्वत्रिक आहे. केसाची वाढ त्वचेखालील मुळाशी होते. खोबरेलाचा सिद्ध झालेला परिणाम बाहेरच्या तंतूवर आहे. केस कमी तुटले म्हणजे लांब राहतात, आणि लांब राहिलेला केस वाढलेला वाटतो. आजीचे निरीक्षण खरे होते. तिने लावलेले कारण तेवढे वेगळे होते. म्हणूनच टक्कल पडू लागलेल्या माणसाने तेलाच्या भरवशावर वर्षे घालवणे व्यर्थ होय.

त्वचेच्या बाबतीत खोबरेलाचे कार्य अधिक साधे आहे. तेलात पाणी नसते. ते त्वचेला ओलावा देत नाही, असलेला ओलावा उडू देत नाही. म्हणून स्नानानंतर अंग किंचित ओले असतानाच ते लावणे इष्ट. फिलिपीन्समध्ये 2004 साली प्रसिद्ध झालेल्या, 34 व्यक्तींवरील एका चाचणीत कोरड्या त्वचेवर ते खनिज तेलाइतकेच गुणकारी ठरले. तेथेच 2014 साली इसबाच्या एका प्रकाराने त्रस्त असलेल्या 117 बालकांवरील चाचणीत ते खनिज तेलापेक्षा सरस आढळले. नारळाचे दूध आटवून काढलेले तेल तान्ह्या मुलांच्या अंगाला लावण्याची केरळातील प्रथा या संदर्भात आठवते.

मात्र हाच पदार्थ काही ठिकाणी अपायकारक ठरतो. कोंड्याशी निगडित असलेले मॅलॅसेझिया नावाचे किण्व टाळूवरील स्निग्धांशावरच जगते आणि त्यातील संतृप्त मेदाम्ले त्याचे अन्न होत. कोंडा झाला की टाळूवर अधिक तेल जिरवायचे, हा प्रघात म्हणजे त्या किण्वाला आयते अन्न पुरवणेच होय. मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर हे तेल रंध्रे बुजवते. उन्हापासून रक्षणासाठीही त्यावर विसंबता येत नाही.

गंमत अशी, की डोक्यावरील तेल काढून टाकणाऱ्या शाम्पूतही पुष्कळदा नारळाचाच अंश असतो. शाम्पूला फेस आणणारे लॉरिल सल्फेट खोबरेलापासून किंवा ताडवर्गीय फळांच्या बियांच्या तेलापासून तयार करतात. तीच बारा कार्बनांची साखळी. एका टोकाला पाण्याची ओढ असलेला गट जोडला, की पोषक स्नेहाचे तेल काढणारे द्रव्य होते.

खोबरेल थिजते, टिकते, केसात शिरते आणि कोंड्यालाही पोसते, या सर्वांमागे त्याची एकच रासायनिक घडण आहे. पदार्थ स्वतः हितकर वा अहितकर नसतो. तो कोठे, केव्हा आणि कशासाठी वापरला, यावर ते ठरते. परंपरेने ‘केव्हा’ आणि ‘कसे’ हे पिढ्यान्‌पिढ्या जपले. ‘का’ हे सांगणे रसायनाच्या वाट्याला आले. रूढीला हसणे सोपे आणि तिची पूजा करणे त्याहूनही सोपे. तिची परीक्षा घेणे तेवढे अवघड आहे, आणि खोबरेलाच्या बाटलीपासून त्याचा आरंभ करायला हरकत नाही.