ख्रिस्ती मंडळ्यांची लोकसेवा व दात्यांचे कर्तव्य

दानशील व्यापारी, जमीनमालक व इतर उदार गृहस्थ यांस सविनय विज्ञापना की, दुष्काळात गोरगरिबांच्या साह्यार्थ जो पैसा निघतो त्याचा काही भाग निरनिराळ्या धर्मसंस्थांच्या हातून खर्च होतो. त्यांत ख्रिस्ती मंडळ्याही आहेत. ‘त्यांचे अन्न खाणाऱ्यास मोबदला म्हणून आपला धर्म तर द्यावा लागत नाही ना?’ अशी शंका पुष्कळांच्या मनात असते. कोणी ती बोलून दाखवितात, कोणी मनातच ठेवून हात आखडता घेतात. ही शंका अनुचित नाही. मात्र तिचा निर्णय वस्तुस्थितीस धरून व्हावा. एतदर्थ वर्धा जिल्ह्याशी संबंध असलेली थोडी हकीकत येथे देत आहो.

ज्या ख्रिस्ती पंथात मंडळ्यांची व्यवस्था बिशप नामक धर्माधिकाऱ्याकडे असते त्यास एपिस्कोपल म्हणतात. इंग्लंडची अँग्लिकन मंडळी ह्यांतलीच होय. तिचा नागपूर धर्मप्रांत १९०३ साली निराळा झाला. शेजारी चांद्यास स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीचे मिशन त्यापूर्वीपासूनच होते, व तेथे अनेक वर्षे राबलेले अलेक्झांडर वुड १९२६ साली नागपूरचे बिशप झाले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ह्या संयुक्त मंडळीची स्थापना होऊन येथील अँग्लिकन मंडळ्या तीत विलीन झाल्या.

१८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ मध्यप्रांतावर लागोपाठ कोसळले. कामावर येणाऱ्या धडधाकट मजुरास सरकार मजुरी देई. परंतु तेवढ्याने सर्वांची सोय होत नसे. म्हणून लोकवर्गणीच्या निधीने चार कामे आपल्याकडे घेतली होती : सरकारी शिध्यास वस्त्रादिकांची जोड देणे, पोरक्या मुलांचा सांभाळ करणे, मागण्यास लाजणाऱ्या अब्रूदार गरिबांस साह्य पोचविणे, आणि सर्वस्व गमावलेल्या कुणब्यास पुन्हा शेतीवर उभा करणे. यांपैकी मुलांच्या सांभाळाचे काम सर्वांत नाजूक; कारण ते पाऊस पडला म्हणून संपत नाही. मूल मोठे होईपर्यंत पुरणारे घर त्यास लागते, आणि तसे घर चालविणारी माणसे मिशनांपाशी होती.

वादाचे मूळही येथेच आहे. १८८३ साली इंग्लंडात अँग्लिकन मंडळीत बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाई १८९७ साली मध्यप्रांतात फिरल्या व त्यांनी अन्नास महाग झालेल्या शेकडो मुलींस व विधवांस आपल्या आश्रयास नेले. त्या जगल्या, लिहिणेवाचणे व उद्योग शिकल्या, हे निर्विवाद आहे. त्यांपैकी पुष्कळजणी ख्रिस्ती झाल्या, हेही तितकेच खरे. ज्या घरी मूल वाढते त्या घरचा धर्म त्यास आपला वाटावा, यात नवल नाही. परंतु भुकेल्यास निवड करण्यास अवकाश कितीसा असतो, हा प्रश्न उरतोच.

ह्या प्रश्नाचे एक उत्तर वर्ध्याच्याच एका व्यापाऱ्याच्या सल्ल्यातून निघाले. व्हेरियर एल्विन हे अँग्लिकन धर्मोपदेशक १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. गरिबांत जाऊन राहावे असे त्यांच्या मनाने घेतले, तेव्हा शेठ जमनालाल बजाज यांनी त्यांस सुचविले की, ज्यांच्याकडे देशसेवकांचे व मिशनऱ्यांचे सारखेच दुर्लक्ष झाले आहे अशा गोंडांकडे जावे. त्याप्रमाणे एल्विन व त्यांचे सहकारी शामराव हिवाळे जानेवारी १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यातील करंजिया गावी राहिले. तेथे दवाखाना, शाळा व महारोग्यांसाठी निवारा त्यांनी चालविला. हा मुलूख नागपूरच्या बिशपांच्या अधिकारात होता. वुडसाहेबांनी परवान्यापूर्वी राजनिष्ठेची शपथ मागितली. एल्विन यांनी ती नाकारली, आणि गोंडांस ख्रिस्ती करण्याचेही आपले काम नव्हे असे ठरविले. परवाना मिळाला नाही. १९३५ साली त्यांनी मंडळीच सोडली; गोंडांची सेवा मात्र सोडली नाही.

न्यायाने सांगावयाचे तर, मिशनांच्या दृष्टीने उपदेश व सेवा ही एकाच कर्तव्याची दोन अंगे होती, व अनेकांनी ती शुद्ध भावाने पाळली. परंतु उभयतांत भेद करता येतो, हे करंजियाने दाखविले. आणि वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली अस्पृश्यांस खुले करणाऱ्या वैष्णव शेठजींनी परधर्मी उपदेशकास सेवेची वाट दाखविताना त्याचा धर्म आड येऊ दिला नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

यास्तव दात्यांनी कोणत्याही धर्मसंस्थेस, मग ती ख्रिस्ती असो वा अन्य, तीन गोष्टी विचाराव्यात. शिधा वाटताना जात किंवा धर्म पाहिला जातो काय? पोरक्या मुलाचे आप्त शोधले जातात काय, व जाणते होईपर्यंत त्याचे नाव व धर्म कायम राहतो काय? आणि पैचा हिशेब कोणासही पाहावयास मिळतो काय? ह्या तिसऱ्या बाबतीत वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम चालविणारे जे. सी. कुमारप्पा यांचे उदाहरण घ्यावे. ते स्वतः ख्रिस्ती होते. १९३४ च्या बिहार भूकंपात मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे असता, गांधीजींच्या परिवाराचा खर्चदेखील त्या निधीतून देण्यास त्यांनी नकार दिला.

हीच कसोटी दात्यासही लागू आहे. आपल्याच जातीस द्यावे, आपल्याच कुळास द्यावे, भिंतीवर आपले नाव कोरावे, अशा अटी घालून दिलेला पैसा हाही एक प्रकारचा सौदाच होय. सौद्यास दुकान आहे, बाजार आहे. भुकेल्याच्या दारी जाताना तो घरी ठेवून जावे, अशी सर्वांस नम्र विनंती आहे.